‘विलंबित’ हे कोणत्या घड्याळाने? : मेंदूभोवतीच्या रक्तस्रावानंतरची उत्तरकालीन इजा, तिचे शोधवाङ्मय आणि अहेरी परिसर – एक चिकित्सक विचार

१. प्रास्ताविक

मेंदूविकारांच्या शोधवाङ्मयात गेल्या काही दशकांत एक संज्ञा रूढ झाली आहे. मराठीत तिचे रूपांतर ‘मेंदूची विलंबित रक्तन्यूनता’ असे करता येईल. मेंदूच्या आवरणांमधील पोकळीत रक्तस्राव होतो, रुग्ण त्यातून वाचतो, काही दिवस सावरल्यासारखा वाटतो. आणि मग साधारणतः चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खालावून त्याला दुसरी, नवी इजा होते. या दुसऱ्या इजेला हे नाव आहे. पहिला घाव अवचित येतो. दुसऱ्याची वेळ मात्र बऱ्याच अंशी आधीच ठाऊक असते. वैद्यकशास्त्रात असे आपत्तीचे वेळापत्रक हाती असण्याचे प्रसंग फार नाहीत.

हे वेळापत्रक ज्याच्या उपयोगी पडावे तो रुग्ण त्या दिवसांत कोठे असतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अतिदक्षता विभागात तासातासाला तपासल्या जाणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ‘विलंबित’ हे विशेषण रोगाच्या गतीचे असते. अहेरी, एटापल्ली, भामरागड वा सिरोंचा तालुक्यातील एखाद्या घरी अंथरुणावर पडून असलेल्या रुग्णाच्या बाबतीत विलंब रोगाचा की व्यवस्थेचा, हे सांगणे कठीण होते. प्रस्तुत लेखक वैद्यक व्यवसायातील नाही. शोधनिबंध हाही एक संहिता-प्रकार आहे, त्यातील गृहीतके, वगळणुका आणि शब्दयोजना यांची चिकित्सा इतर कोणत्याही संहितेप्रमाणे करता येते, या भूमिकेतून हे विवेचन केले आहे.

लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. या इजेच्या कारणमीमांसेचा प्रवास काय सांगतो? तिच्या मान्य व्याख्येत कोणता रुग्ण गृहीत धरला आहे? आणि गडचिरोली जिल्ह्यातील पक्षाघाताविषयी जे मोलाचे संशोधन उपलब्ध आहे, त्यात ही इजा दिसू शकते का?

२. विकाराचे स्वरूप

मेंदूवर तीन आवरणे असतात. त्यांपैकी मधल्या व आतल्या आवरणांच्या दरम्यानच्या पोकळीत पाण्यासारखा द्रव खेळत असतो आणि मेंदूच्या मुख्य रोहिण्या याच पोकळीतून जातात. अशा एखाद्या रोहिणीच्या भिंतीला आलेला फुगा, ज्याला डॉक्टर अन्युरिझम म्हणतात, तो फुटला की रक्त मेंदूच्या भोवती पसरते. डोक्याला मार लागल्यामुळे झालेले रक्तस्राव वगळता, या प्रकारच्या रक्तस्रावाचे सुमारे ८५ टक्के प्रसंग अशा फुग्यामुळे घडतात. पक्षाघाताच्या एकूण प्रकारांत याचा वाटा पाश्चात्त्य आकडेवारीनुसार सुमारे ५ टक्के, म्हणजे अल्प आहे; परंतु तो तुलनेने कमी वयात होतो आणि त्याची मारकता मोठी आहे. सुमारे १० ते १५ टक्के रुग्ण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच दगावतात, असे त्याच देशांतील अभ्यास सांगतात.

क्षणार्धात पराकोटीला जाणारी, पूर्वी कधी न अनुभवलेली डोकेदुखी हे याचे मुख्य लक्षण होय. उलटी, शुद्ध हरपणे, काही तासांनी मान आखडणे ही लक्षणे सोबत असू शकतात. हात-पाय लुळे पडणे हे मात्र आरंभी असेलच असे नाही. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पहिल्या रक्तस्रावातून वाचलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के रुग्णांना विलंबित रक्तन्यूनता होते. रुग्ण पेंगुळतो, बोलणे अडखळते, एखादा हात उचलेनासा होतो. वेळीच लक्षात आले तर रक्तदाब व शरीरातील द्रवाचे प्रमाण सांभाळून, तसेच काही केंद्रांमध्ये रोहिणीत नळी सरकवून ती रुंद करून, मेंदूचा धोक्यात आलेला भाग वाचविण्याचा प्रयत्न केला जातो. वेळ टळली तर त्या भागाचा मृत्यू होतो आणि रुग्ण जगला तरी कायमचा परावलंबी होण्याची शक्यता राहते.

३. कारणमीमांसेचा प्रवास : एका गृहीतकाची चिकित्सा

१९५१ साली एकर आणि रिमनश्नायडर यांनी रोहिणीचित्रणाच्या साहाय्याने असे दाखविले की, फुगा फुटलेल्या रुग्णांच्या मेंदूतील रोहिण्या आकसलेल्या दिसतात. १९८० मध्ये सी. मिलर फिशर व सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर दिसणाऱ्या साकळलेल्या रक्ताच्या प्रमाणाचा या आकसण्याशी संबंध जोडून दाखविला. यातून एक सुटसुटीत कथानक सिद्ध झाले : रक्त साकळते, रोहिणी आकसते, मेंदू उपाशी राहतो, रुग्ण खालावतो. जवळजवळ अर्धशतक हे कथानक पाठ्यपुस्तकांतून शिकविले गेले.

या कथानकाला तडा गेला तो औषधांच्या चाचण्यांमधून, आणि तोही दोन्ही बाजूंनी. निमोडिपिन या गोळीची ब्रिटनमधील मोठी चाचणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. ५५४ रुग्णांच्या या चाचणीत औषध घेणाऱ्यांमध्ये मेंदूचा भाग मृत होण्याचे प्रमाण २२ टक्के, तर औषधाविना ३३ टक्के होते. गंभीर परिणामही लक्षणीय घटले. रोहिण्यांचे आकसणे मात्र या औषधाने फारसे कमी होत नाही, असे एकूण अभ्यासांतून दिसत गेले. उलट, क्लॅझोसेंटन हे औषध रोहिण्यांचे आकसणे स्पष्टपणे कमी करते असे २००८ च्या चाचणीत आढळले. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रुग्णांच्या अंतिम अवस्थेत अपेक्षित सुधारणा दिसली नाही. म्हणजे एक औषध रोहिणी न रुंदावता रुग्णाला तारते आणि दुसरे रोहिणी रुंदावूनही रुग्णाला तारत नाही. जपानमध्ये २०२२ साली क्लॅझोसेंटनला मान्यता मिळाली, हेही नोंदविले पाहिजे. अर्थात वाद पूर्णतः मिटलेला नाही. मॅग्नेशियम व स्टॅटिन यांच्या अनुक्रमे २०१२ व २०१४ मधील मोठ्या चाचण्याही निष्फळ ठरल्या.

आज अभ्यासक एकाऐवजी अनेक कारणांचा विचार करतात : पहिल्या स्रावाच्या क्षणीच मेंदूला बसलेला धक्का, सूक्ष्म वाहिन्यांतील गुठळ्या, दाह, आणि मेंदूच्या पृष्ठभागावरून सरकत जाणारी विद्युत-निष्क्रियतेची लाट. यांपैकी शेवटच्या घटनेचे वर्णन लियाओ यांनी १९४४ मध्येच सशांच्या मेंदूवरील प्रयोगांतून केले होते. परंतु आकसलेल्या रोहिणीचे चित्र डोळ्यांना दिसत होते, लाट दिसत नव्हती. जे साधनाने दिसते तेच कारण, असे मानण्याचा मोह प्रगत प्रयोगशाळांनाही आवरत नाही, हा या इतिहासाचा बोध आहे. गडचिरोलीच्या संदर्भात हाच बोध उलट्या दिशेने लागू पडतो : जे साधनाअभावी दिसत नाही ते नाहीच, असे मानण्याचा मोह.

४. व्याख्येतील गृहीत रुग्ण

२०१० मध्ये वर्गुवेन व त्यांच्या आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांनी या इजेची व्याख्या सुचविली व ती व्यापक प्रमाणावर स्वीकारली गेली. तिचा आशय असा : एखाद्या भागाची नवी दुर्बलता, किंवा शुद्धीच्या ग्लासगो मापनात किमान दोन गुणांची घट, ती किमान एक तास टिकलेली असावी, फुगा बंद केल्यानंतर लगेच ती दिसलेली नसावी, आणि तपासणी, मेंदूचे चित्रण व रक्तचाचण्या यांच्या आधारे तिचे अन्य कारण नाकारता आले पाहिजे.

शास्त्रीय काटेकोरपणाच्या दृष्टीने ही व्याख्या निर्दोष वाटते. चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी ताडून पाहता यावेत हा तिचा हेतू होता आणि तो रास्तच होता. परंतु तिची वाक्यरचना नीट वाचली असता तिच्यात दडलेला एक रुग्ण दिसू लागतो. या रुग्णाचा फुगा शस्त्रक्रियेने किंवा नळीद्वारे बंद झालेला आहे. त्याच्या शुद्धीचे गुण आधी मोजलेले आहेत, म्हणून घट मोजता येते. त्याच्या शेजारी तासभर लक्ष ठेवणारी परिचारिका आहे. त्याचे स्कॅन पुन्हा होऊ शकते. या चारपैकी एकही गोष्ट ज्याच्या वाट्याला आलेली नाही, त्याला ही इजा व्याख्येनुसार होऊ शकत नाही. त्याला जे होते ते अनाम राहते.

व्याख्याकारांना दोष देण्याचा येथे उद्देश नाही. त्यांनी चाचण्यांसाठी व्याख्या केली, गावांसाठी नव्हे. दोष असेल तर तो पुढील वापरात आहे. चाचणीसाठी घडविलेली व्याख्या हळूहळू रोगाचीच व्याख्या होऊन बसते आणि तिच्या चौकटीबाहेरचे रुग्ण रोगाच्या भूगोलातून पुसले जातात.

भारतात असे पूर्वीही घडल्याची शंका घेण्यास जागा आहे. मद्रासचे ख्यातनाम मेंदूशल्यविशारद डॉ. बी. राममूर्ती यांनी १९६९ मध्ये भारतातील मेंदूच्या रोहिणी-फुग्यांच्या प्रमाणाविषयी निबंध प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत येथे हा विकार विरळा आहे, ही समजूत त्यानंतर दीर्घकाळ वावरत राहिली. ती अंशतः खरी असू शकेल. परंतु जो विकार पहिल्याच दिवसांत माणूस नेतो त्याचे मोजमाप रुग्णालयाच्या दारात बसून केले, तर आपण विकार मोजत नाही, पोहोचलेल्यांची संख्या मोजतो. न पोहोचलेल्यांचा हिशेब त्यात नसतो.

५. गडचिरोलीचा अभ्यास : काय दिसते, काय दिसत नाही

न पोहोचलेल्यांचा हिशेब मांडण्याचा महाराष्ट्रातील एक महत्त्वाचा प्रयत्न गडचिरोली जिल्ह्यातच झाला, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची बाब आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून येथे काम करणाऱ्या ‘सर्च’ या संस्थेमार्फत घराघरांतील मृत्यूंची नोंद ठेवण्याची शिस्त रुजविली. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शिस्तीवर आधारलेला एक अभ्यास २०१५ मध्ये ‘स्ट्रोक’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. ८६ गावांतील ९४,१५४ लोकसंख्येत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात झालेल्या १,५९९ मृत्यूंची कारणे आप्तांच्या मुलाखतींवरून, म्हणजे शाब्दिक शवपरीक्षेच्या पद्धतीने, निश्चित करण्यात आली. त्यांपैकी २२९ मृत्यू, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते. ग्रामीण गडचिरोलीत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हे आहे, हा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. या २२९ पैकी ८७.३ टक्के मृत्यू घरी झाले होते आणि ४६.३ टक्के लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्याच्या आत झाले होते.

या अभ्यासाचे मोल निर्विवाद आहे. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार आहे ही समजूत त्याने मोडीत काढली. तथापि, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याच्या तीन मर्यादा ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

पहिली मर्यादा प्रकारभेदाची. शाब्दिक शवपरीक्षेवरून पक्षाघात झाला हे ठरविता येते. तो रोहिणी तुंबल्यामुळे झाला, मेंदूच्या आत रक्तस्राव झाल्यामुळे झाला की मेंदूभोवती झाल्यामुळे, हे ठरविता येत नाही. त्यासाठी स्कॅन हवे. डॉ. पी. एम. दलाल व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मुंबईतील पक्षाघात-नोंदणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा बहुतांश रुग्णांचे स्कॅन झालेले असल्याने प्रकारांची विभागणी देता आली. एकाच राज्यातील या दोन अभ्यासांत रोग एकच, पण एकीकडे त्याला पोटभेद आहेत आणि दुसरीकडे तो अखंड आहे. हा फरक संशोधकांच्या कुवतीचा नसून यंत्राच्या अंतराचा आहे.

दुसरी मर्यादा काळाच्या एककाची. ‘पहिल्या महिन्याच्या आत’ या एका रकान्यात पहिल्या दिवशी गेलेला आणि दहाव्या दिवशी गेलेला रुग्ण शेजारी बसतात. पहिल्याच्या बाबतीत कदाचित काहीही करता आले नसते. दुसऱ्याच्या बाबतीत मध्ये दहा दिवस होते. महिन्याचे एकक हे दहा दिवस झाकून टाकते.

तिसरी मर्यादा भूगोलाची. अभ्यासातील गावे ‘सर्च’च्या कार्यक्षेत्रातील आहेत. जिल्ह्याच्या दक्षिण भागातील वस्त्यांचे विखुरलेपण, रस्ते आणि भाषा यांची परिस्थिती वेगळी आहे. तेथे घरी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण काय असेल, याचे उत्तर या आकड्यांतून सरळ काढता येणार नाही.

यातून अहेरी परिसरात विलंबित रक्तन्यूनता मोठ्या प्रमाणावर आहे असा निष्कर्ष निघत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. निघतो तो निष्कर्ष अधिक मर्यादित, पण अधिक अस्वस्थ करणारा आहे : ती असली तरी आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही तक्त्यात ती दिसणार नाही.

६. भाषेचा प्रश्न

शाब्दिक शवपरीक्षा ही नावाप्रमाणेच शब्दांवर उभी असते. आप्त जे सांगतात आणि प्रश्नावली जे विचारते त्यांच्या भेटीतून निदान जन्मते. म्हणून आपल्याकडे या रोगासाठी कोणते शब्द आहेत, हा केवळ भाषाशास्त्रीय कुतूहलाचा विषय राहत नाही.

पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा हे तिन्ही शब्द शरीराची एक बाजू किंवा एखादा अवयव निकामी होण्यावर बेतलेले आहेत. ‘अंगावरून वारे जाणे’ हा वाक्प्रचारही तेच सांगतो. मेंदूभोवतीच्या रक्तस्रावात आरंभी हात-पाय शाबूत असू शकतात. असते ती डोकेदुखी, उलटी आणि ग्लानी. अशा आजाराला हे शब्द लागूच पडत नाहीत. ‘डोके दुखले आणि गेला’ या निवेदनाचे वर्गीकरण पक्षाघातात होईलच याची शाश्वती नाही. म्हणजे या प्रकारचे मृत्यू पक्षाघाताच्या रकान्यात मिसळूनही जातात आणि त्यातून गळूनही जातात.

शिवाय या शब्दांच्या काळाचाही विचार करावयास हवा. आघात होतो, झटका येतो, वारे जाते. ही सर्व क्रियापदे एका क्षणाची आहेत. वारे एकदा गेले की गेले. त्यानंतर उरते ते परिणाम भोगणे. ‘पुन्हा येईल, अमुक दिवसांत येईल, तोवर जागे राहा’ हे सांगणारा शब्द या भांडारात नाही. सातव्या दिवशी रुग्ण खालावला तर आप्तांच्या लेखी तो पहिल्याच दुखण्याचा शेवट असतो, नवी घटना नसते. मुलाखतीतही तो तसाच सांगितला जातो आणि तसाच लिहिला जातो.

अहेरी परिसरात मराठीसह माडिया, गोंडी व तेलुगू या भाषा नांदतात. रुग्णाचे दुखणे घरी एका भाषेत बोलले जाते, दवाखान्यात दुसऱ्या भाषेत सांगितले जाते आणि कागदावर तिसऱ्या भाषेत उतरते. या तीन टप्प्यांत सर्वांत आधी गळतो तो तपशील दिवसांच्या क्रमाचा. ‘डोके दुखत होते’ हे पोहोचते. ‘सोमवारी उठून जेवला, गुरुवारी शब्द फुटेना’ हे पोहोचत नाही.

७. अहेरीचे घड्याळ

विषय मूर्त व्हावा यासाठी एक कल्पित क्रम पाहू. चैत्राचे दिवस आहेत. भल्या पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या पन्नाशीच्या एका स्त्रीच्या डोक्यात अकस्मात कळ उठते. ती उलटी करते आणि खाली बसते. घरी आणल्यावर ऊन बाधले असे सर्वांना वाटते. दुसऱ्या दिवशी ती बोलते, पण मान वळवत नाही. तिसऱ्या दिवशी तिला आरोग्य केंद्रात नेले जाते. या जिल्ह्यात डोकेदुखी, उलटी आणि ग्लानी म्हटले की हिवतापाची तपासणी आधी होते. ते योग्यच आहे, कारण मेंदूचा हिवताप येथे प्राण घेतो. तपासणीत काही निघत नाही. वेदनाशामक घेऊन ती घरी येते. पाचव्या दिवशी ती चार घास खाते. घर सुटकेचा निःश्वास टाकते. सातव्या दिवशी ती पेंगू लागते आणि उजवा हात उचलत नाही. पाणी पाजवत नाही म्हणून पाणीही थांबते. दहाव्या दिवशी सारे संपते.

या क्रमात सुटलेल्या संधी मोजून पाहाव्यात. पहिल्या सहा तासांत चांगल्या यंत्रावर केलेले स्कॅन हा रक्तस्राव जवळजवळ निश्चितपणे दाखविते. ती संधी अंतरामुळे गेली असे समजू. परंतु ब्रिटनमधील ज्या चाचणीने निमोडिपिनचा उपयोग सिद्ध केला, तिच्यात औषध सुरू करण्याची मुदत ९६ तासांपर्यंत होती. अहेरीहून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून अधिक, तर नागपूर अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. हे अंतर मोठे आहे, पण ते चार दिवसांचे नाही. हिवताप नाही हे कळल्यावर ‘मग काय आहे?’ हा पुढचा प्रश्न तिसऱ्या दिवशी विचारला गेला असता, तरी तिचे घड्याळ संपलेले नव्हते. सातव्या दिवशी पाणी थांबणे ही तर स्वतंत्र हानी होय. शरीरातील द्रव घटला की आधीच उपाशी असलेल्या मेंदूचा रक्तपुरवठा आणखी खालावतो. या रुग्णांत पाणी तोडणे घातक ठरते, हे १९८०च्या दशकातील अभ्यासांनीच दाखविले आहे. शुद्धी मंदावलेल्या रुग्णाला तोंडाने पाणी पाजणेही धोक्याचे असते. म्हणून शिरेवाटे द्रव देता येईल अशा ठिकाणी त्याला नेणे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावयाचा.

येथे ‘उशीर झाला’ या वाक्याची चिकित्सा आवश्यक ठरते. पक्षाघाताविषयीच्या जनजागृतीत पहिल्या साडेचार तासांवर भर असतो. गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनच्या संदर्भात तो रास्त आहे. परंतु दुर्गम भागात या संदेशाचा एक अनभिप्रेत अर्थ निघतो : साडेचार तास उलटले, आता नेऊन काय उपयोग? मेंदूभोवतीच्या रक्तस्रावात हा अर्थ सर्वस्वी चुकीचा आहे. तेथे पाचव्या दिवशी पोहोचणेही उशिराचे असते, व्यर्थ नसते.

व्यवस्थेत काहीच बदललेले नाही असेही नाही. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले, त्यांत गडचिरोलीचा समावेश आहे. शासनाची जीवनदायी योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम लागू झाली त्यांतही गडचिरोली होता. या सर्व उपक्रमांमुळे अंतर कमी होते. परंतु वाहन आणि शस्त्रक्रिया मोजता येतात, राखण मोजता येत नाही. विलंबित इजेवरील उपचाराचा मोठा भाग म्हणजे चौदा दिवसांची जागती राखण. कोणत्याही योजनेच्या कागदावर ती सर्वांत शेवटी उतरते.

८. संभाव्य आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, उशिराने खालावलेला प्रत्येक रुग्ण विलंबित रक्तन्यूनतेचा नसतो. फुगा पुन्हा फुटणे, मेंदूत पाणी साचणे, रक्तातील सोडियम घटणे, आकडी, न्यूमोनिया ही सर्व कारणे संभवतात. हा आक्षेप पूर्णतः मान्य आहे. किंबहुना त्यामुळेच शाब्दिक शवपरीक्षेवरून या इजेचे निदान करण्याचा दावा कोणी करू नये. परंतु या बहुतेक कारणांचा उपाय एकच आहे : खालावणे लक्षात येणे आणि रुग्ण हलविणे. कारण अनेक, पण खूण एक.

दुसरा आक्षेप प्राधान्याचा. ज्या जिल्ह्यात हिवताप, कुपोषण आणि सिकलसेल आहे तेथे पक्षाघाताच्या एका अल्पसंख्य प्रकाराची चर्चा का करावी? उत्तर असे की, लक्ष ठेवण्याची शिस्त ही रोगागणिक वेगळी नसते. ‘सर्च’च्या नवजात बालकांविषयीच्या कामाचा दाखला येथे बोलका आहे. गावातील प्रशिक्षित स्त्रीला साध्या खुणांवरून जंतुसंसर्ग ओळखता येतो हे त्या कामाने दाखविले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे नोंदले गेले. अर्थात साम्य ताणू नये. बाळाचा उपचार घरी होऊ शकला. या रुग्णाचा घरी होऊ शकत नाही. उसनी घ्यायची ती खुणा शिकविण्याची पद्धत.

तिसरा आक्षेप प्रतिबंधाचा. फुगा फुटण्याआधीच उपाय का नको? अवश्य हवा. उच्च रक्तदाब, धूम्रपान आणि अतिमद्यपान ही या विकाराची ज्ञात कारणे आहेत आणि रक्तदाबाची तपासणी गावातच होऊ शकते. येथे प्रचलित असलेला खर्रा हा धूरविरहित तंबाखूचा प्रकार असल्याने धूम्रपानाविषयीचे निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, एवढा विवेक मात्र ठेवावा. परंतु प्रतिबंध हा आज आजारी पडलेल्या माणसाला दिलेले उत्तर नव्हे.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मृत्यूच्या कारणांच्या प्रश्नावलीत दिवसांच्या क्रमाचा प्रश्न असावा : मधल्या काळात रुग्ण सुधारला होता का, आणि कोणत्या दिवशी पुन्हा खालावला? या एका प्रश्नाला यंत्र लागत नाही. दुसरी, ‘एका क्षणात पराकोटीला गेलेली डोकेदुखी’ हे लक्षण हात-पाय लुळे पडण्याच्या जोडीने लोकशिक्षणात यावे आणि ते माडिया, गोंडी व तेलुगू भाषांत त्या भाषकांकडून घडविले जावे. तिसरी, हिवतापाची तपासणी नकारात्मक आल्यावर अशा रुग्णाला घरी न पाठविता पुढे पाठविण्याचा संकेत रूढ व्हावा. हिवतापप्रवण भागात रक्तात जंतू सापडणे हेही दुखण्याचे पूर्ण उत्तर असेलच असे नाही, याचे भान असावे. चौथी, ‘वाचला’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी दोन आठवडे थांबावे, हे आप्तांना सांगितले जावे.

या सूचनांमध्ये महाविद्यालयांचाही वाटा आहे. आपल्या वर्गांत बसणारे विद्यार्थी याच वस्त्यांतून येतात. घरात लिहिता-वाचता येणारे, दोन-तीन भाषा जाणणारे बहुधा तेच असतात. दुखण्याचा दिवसवार वृत्तान्त डॉक्टरपर्यंत नेणारा दुभाष्या बहुतेकदा एखादा विद्यार्थीच असतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात त्याला एवढेच शिकविले, की आजाऱ्याची तारीखवार टिपण ठेव, तरी वर उल्लेखिलेल्या रिकाम्या रकान्यात पहिली अक्षरे उमटतील.

शास्त्राला दुसऱ्या इजेची वेळ ठाऊक आहे. अहेरीच्या घराला ती ठाऊक नाही. या दोहोंमधील अंतर किलोमीटरमध्ये मोजले जाते तेवढेच नाही; ते शब्दांत आणि नोंदींतही आहे, आणि तो भाग तरी आपल्या आवाक्यातील आहे.